तिसरी धार

१. मल्लप्पा आज्जा आज सकाळी सव्वासातला गेले. घरीच. वय पंच्याण्णव.
२. गावच्या पाणपोईच्या भिंतीवर नळदुर्गच्या धबधब्याचं चित्र आहे. ते त्यांनी सोळाव्या वर्षी काढलं.
३. त्या भिंतीवर सोमवारी टाइल्स बसणार आहेत. फिल्टर प्लांट येतोय.
४. हे आज्जांना कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

आज्जा म्हणजे माझ्या आजोबांचे थोरले भाऊ.

फिल्टर प्लांटच्या समितीतल्या एकांना दुपारी, माती झाल्यावर, फोन केला. ते म्हणाले, "ताई, वाईट वाटतंय. पण ते चित्र चुकलेलंच हाय की. धबधब्याला तीन धारा कुठं असतात? ड्रोनच्या फोटोवरून टाइल्सवर नवीन करून घेतो. एकदम ओरिजिनल."

मुद्दा बरोबर आहे. नळदुर्गला धारा दोनच. एकीचं नाव नर, दुसरीचं मादी. चित्र चुकलं आहे.

कसं चुकलं, ते लिहिते.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. शिकत असताना आज्जांचा पहिला चष्मा मशीनवर तपासला होता. तारेची फ्रेम, पितळेच्या डबीत जपून ठेवलेली.

दोन्ही काचांचा नंबर वजा चौदा.

म्हणजे चष्म्याशिवाय त्यांना सात सेंटीमीटरपर्यंत स्पष्ट दिसायचं. चार बोटं. त्यापुढचं सगळं पुसट.

आणि तो चष्मा त्यांना मिळाला चित्र काढून झाल्यावर.

निजामाचं राज्य होतं. शाळा उर्दूतून. आज्जांना फळा दिसत नव्हता, पण आपल्याला दिसत नाही हे त्यांना माहीत नव्हतं. वाटायचं, सगळ्यांना असंच दिसतं. बाकीचे हुशार, म्हणून ओळखतात.

मास्तरांनी ढ ठरवून घरी पाठवलं.

मग मठातल्या अय्यांनी, म्हणजे तिथल्या स्वामींनी, त्यांना पाणपोईची भिंत दिली. म्हणाले, काहीतरी पाण्याचं काढ.

आज्जा भिंतीला नाक लावून रंगवायचे. नाकावर कायम काव नाहीतर नीळ.

पोरं ओरडायची, "मल्ल्या, ब्रश हरवला का रं?"

धबधबा त्यांनी पाहिलेला नव्हता. थोरली बहीण गंगव्वा सांगायची. पाणपोईचे रांजण ती भरायची. ती भरता भरता सांगणार, हे रंगवणार.

"पाणी कसं पडतंय गं अक्का?"

"पिंजलेल्या कापसावानी."

चित्रात पाणी कापसासारखंच आहे. जवळ जाऊन बघा, तंतू मोजता येतात.

किल्ल्याच्या बुरुजावरच्या झाडाची पानंसुद्धा मोजता येतात. लांबचं काहीच अंधुक नाही. मी त्यांना विचारलं होतं, "आज्जा, लांबचं इतकं स्पष्ट कसं काढलंत?"

"मला कुठं लांबचं दिसत होतं? अक्कानं पानं म्हणली, म्या पानं काढली."

चित्र पूर्ण झालं तेव्हा अय्या बघायला आले. आज्जांचं नाक अजून भिंतीलाच.

अय्या म्हणाले, "हे पोरगं ढ न्हाय. याला दिसत न्हाय."

बैलगाडीनं सोलापूरला नेलं. तो इंग्रजांचा मुलूख. तिथं डॉक्टरनं चष्मा दिला. परत येताना हद्दीवर निजामाचा करोडगिरी नाका होता, माल तपासायचा. शिपायानं आज्जांच्या डोळ्यांवरून चष्मा काढून स्वतः घातला.

"बाप रे, चक्कर आरै मेरेकु! लेजा, लेजा!"

हा किस्सा आज्जा नव्वदीतही नक्कल करून सांगायचे.

वाटेत नळदुर्ग. श्रावण होता, बोरी नदी भरून वाहत होती. अय्यांनी गाडी थांबवली. आज्जांनी धबधबा पाहिला.

धारा मोजल्या. दोन.

गावात आल्यावर घरी न जाता थेट पाणपोईवर गेले. दहा पावलांवर उभे राहिले. आठ फुटांचं चित्र, स्वतःच्या हातचं, पहिल्यांदाच सगळं एकदम दिसलं.

गंगव्वा रांजण भरत होती.

"अक्का, दोनच धारा हायत की गं."

"व्हय? असतील बाबा."

"तू तर तीन म्हणलीस!"

"मी कुठं बघितलंय? गाडीवाले पाणी प्यायला थांबायचे, त्यास्नी इचारायची. एक म्हणला दोन, एक म्हणला लई. म्या मधलं धरलं."

गंगव्वानं कळशी खाली ठेवली.

"तू बघून आलास न्हवं? आता तू सांग."

लग्न ठरलेल्या मुलीला दिवसभराच्या वाटेवरचा धबधबा दाखवायला कोण नेणार होतं?

अंधार पडेपर्यंत आज्जा तिला सांगत बसले.

दुसऱ्या दिवशी अय्या म्हणाले, "ती तिसरी धार पुसून टाक."

"ती अक्काची हाय," आज्जा म्हणाले. पुसली नाही.

पुढच्या वर्षी गंगव्वा सासरी पहिल्या बाळंतपणात गेली. तिचा फोटो नाही. तिच्या हातची कुठली वस्तू नाही.

आज्जा नंतर जन्मभर गाड्या, देवळं, दुकानांच्या पाट्या रंगवत राहिले. दर उन्हाळ्याआधी पाणपोईच्या चित्रावर नवा हात द्यायचे. चष्मा काढून, भिंतीला नाक लावून. सुरुवात तिसऱ्या धारेपासून.

समोरचं किती दिसतं, ते मी रोज मोजते. न पाहिलेलं गंगव्वाला किती दिसत होतं, ते मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. फक्त ती भिंत आहे.

आज्जा, भिंतीचं तुम्हाला सांगायला हवं होतं. राहिलं. या आता.

समितीला विनंती. मी पूर्ण भिंत मागत नाही. तुमचे नळ डावीकडे येणार आहेत. तिसरी धार उजव्या टोकाला आहे. संध्याकाळी मोजून आले. रुंदी दोन फूट चार इंच.

तेवढ्या टाइल्स कमी लावा.

जमेल की नाही, ते शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत इथंच, गावच्या ग्रुपवर लिहून कळवा.