एकदा चाप, एकच गोळी

गोरक्ष अहिरे मूळचा सटाण्याकडचा. लष्करात बावीस वर्षं त्यानं ट्रक चालवले, मग शहरात, इंदिरानगरात दोन खोल्या घेतल्या आणि एका बँकेच्या दारात बंदोबस्ताला उभा राहिला. पिस्तूल स्वतःचं, बत्तीस बोअरचं. परवानाही त्याच्याच नावावर. त्या पिस्तुलावरच नोकरी होती.

गेल्या वर्षी पिस्तुलाचा चाप जड झाला. गावी गेल्यावर मोटारसायकली दुरुस्त करणारा भिकन म्हणाला, "आण इकडं, मऊ करून देतो." दोघं एका वर्गात शिकलेले. गोरक्षनं विश्वासानं पिस्तूल दिलं आणि चाप खरंच हलका होऊन आला.

पुढच्या आठवड्यात सरावाच्या मैदानावर त्यानं चाप एकदाच ओढला आणि एकापाठोपाठ तीन गोळ्या सुटल्या. तिसरी लक्ष्याच्या बरीच वर, मातीच्या बांधात घुसली. शेजारचा हसला, "मशीनगनच की हो!" गोरक्षनं मॅगझिन काढून पिस्तूल रिकामं केलं आणि थेट सहादू काकांचं दुकान गाठलं. सत्तरीचे सहादू काका म्हणजे हत्यारं दुरुस्त करण्याचा रीतसर परवाना असलेला जुना कारागीर.

काकांनी पिस्तूल उघडून भिंग लावलं. "कुणी कानस मारली याला?"

गोरक्षनं सगळं सांगून टाकलं.

"हे बघ, रिव्हॉल्व्हरचं चक्र फिरतं, तुझ्या पिस्तुलात पुढची गोळी आपोआप चढते. पण दोन्हींत चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटायला हवी. दाबून धरल्यावर सुटतच राहिल्या, तर कायद्याच्या लेखी ते निराळं हत्यार. बंदी असलेलं. तुझा परवाना त्याला चालत नाही."

"पण काका, पिस्तूल तेच, नंबर तोच! मी काय मुद्दाम केलं?"

"नंबर तोच, पण चाल बदलली ना? कायदा आधी तीच बघतो."

गोरक्षचा आवाज खाली गेला. "मग गुपचूप नीट करून द्या."

काकांनी चष्मा काढून ठेवला. "आणि उद्या कुणी विचारलं, तर काय सांगशील? ऊठ. ठाण्यात जाऊ. मी येतो बरोबर."

काकांनी जे पाहिलं ते कागदावर लिहून सही केली, दुकानाला कुलूप लावलं. ठाण्यात उपनिरीक्षक राखी पगार यांनी तासभर खोदून खोदून विचारलं. गोरक्षनं भिकनचंही नाव सांगितलं. पिस्तूल जमा झालं, तपासणीला गेलं.

चार महिने गोरक्षची नोकरी टांगणीला होती. काकांनी बँकेत जाऊन मॅनेजरला सगळं समजावलं, म्हणून तोवर त्याला बिनहत्यारी काम मिळालं. घरी अंजली एवढंच म्हणायची, "तुम्ही खरं बोललात, बास." अखेर अहवाल आला: बिघाड कानशीमुळे, हेतू दिसत नाही. गोरक्षला आणि भिकनला लेखी ताकीद मिळाली. काकांनी नवा भाग बसवला आणि राखीताईंसमोर चाचणी घेतली. प्रत्येक वेळी एकच गोळी सुटली. गोरक्षला रडू आवरेना.

पुढच्या रविवारी तो गावाकडची, बागलाणची डाळिंबं घेऊन दुकानात गेला. बरोबर भिकनही होता. "काका, लय चुकलं माझं," म्हणत भिकन पाया पडला.

"काका, त्या दिवशी तुम्ही मला परत पाठवलं असतं तर?" गोरक्षनं विचारलं.

"तू आलास ना? आलेल्या माणसाला कसं पाठवायचं," काका म्हणाले आणि डाळिंब फोडायला बसले.

तेव्हापासून गोरक्ष ओळखीच्या रक्षकांना हत्यारं काकांकडे दाखवायला घेऊन जातो. परवा एकाच्या बारा बोअरच्या बंदुकीची नळी कुणीतरी कापून आखूड केलेली निघाली. हेही परवानगीवाचून चालत नाही, हे त्या माणसाला ठाऊकच नव्हतं. गोरक्षनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "चल भाऊ, ठाण्यात जाऊ. मी येतो बरोबर."