शेवटचा चिमटा

त्यांना गल्लीत सगळे मीटर म्हणतात. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण उन्हानं पाटी पांढरी पडली आणि कुणाचं काही अडलं नाही. गाडी सुरू होत नसेल तर "मीटरकडे ने" एवढं पुरतं. खिशातला मीटर काढून बॅटरीला लावल्याशिवाय हा माणूस कशावरही मत देत नाही, म्हणून हे नाव. गिऱ्हाईक म्हणणार, बॅटरी गेली. हे दोन टोकं टेकवणार, आकडा बघणार आणि मग म्हणणार, "गेली नाही. झोपलीये." त्यांची बायको सांगते की लग्नाला हो म्हणायलाही त्यांनी आठ दिवस घेतले. बहुतेक तेव्हा मीटर दुरुस्तीला दिला असेल.

तीन महिन्यांपूर्वी त्यांचा डावा डोळा गेला. बॅटरी फुटली आणि आतलं ॲसिड तोंडावर आलं. तेव्हापासून दुकान ठेवायचं की बंद करायचं, एवढी एकच गोष्ट त्या घरात चालू होती. त्यांच्या थोरल्या भावाचं रंगाचं दुकान आहे. भावानं सांगून टाकलं होतं, महिनाअखेरीला शटर ओढ आणि माझ्याकडे बसायला ये. कामाला ये असं म्हणाले नव्हते, बसायला ये असं म्हणाले होते. मीटरनी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. महिना संपायला नऊ दिवस उरले होते, तेव्हा मी त्यांच्याकडे गेले.

मी गेले ती माझ्या मुलीसाठी. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. तलावांवर आणि टाक्यांवर जाऊन बाटल्या भरून आणायच्या, हे तिचं काम. जुनी छोटी गाडी, मागच्या सीटवर बर्फाचा डबा आणि ती एकटी. त्या आठवड्यात एका तलावाच्या काठावर गाडी सुरूच होईना. बऱ्याच वेळानं एक टँकरवाला आला. त्यानं आपल्याजवळच्या वायरींनी टँकरची बॅटरी हिच्या बॅटरीला जोडून दिली. वायरी तापल्या, धूर आला, वरचं प्लॅस्टिक वितळून हिच्या हातमोज्याला चिकटलं. गाडी सुरू झाली. ती घरी आली, हातमोजा टेबलावर ठेवला आणि जेवायला बसली. मी वाढलं. काळा झालेला मोजा पाण्याच्या ग्लासाशेजारी पडला होता, आणि आम्ही तिच्या बॉसच्या बदलीबद्दल बोललो.

एरवी तिला पाच मिनिटं उशीर झाला तरी मी घाबरून तीन फोन करते. त्या दिवशी भीती वाटलीच नाही. सकाळी उठले आणि मोठ्या दुकानात जाऊन दोन बॅटऱ्या जोडायच्या जंपर केबलचं पाकीट घेतलं. एका पाकिटावर पाचशे ॲम्पिअर लिहिलं होतं, दुसऱ्यावर हजार. शिकलेली बाई, मोठा आकडा उचलला. मग वाटलं, एकदा मीटरना दाखवावं.

दुकानात ते कामाच्या बाकामागे उभे होते आणि त्यांची बायको दारात उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसून वाटाणे सोलत होती. मला बघायला त्यांना मान पुरती वळवावी लागली.

"काय ताई, गाडी?"

"गाडी नाही. केबल आणलीये. बघून सांगा, चांगली आहे का."

त्यांनी पाकीट फोडलं. केबल तळहातावर घेतली, दुसऱ्या हातात खुंटीवरची आपली जुनी केबल घेतली आणि दोन्ही माझ्या हातात दिल्या.

"जड कुठली?"

"जुनी."

"जाड कुठली?"

"नवी."

"झालं तर," ते म्हणाले आणि चाकू घेतला. अंगठ्यानं चाचपत त्यांनी नव्या केबलचं टोक सोललं. रबर बोटाएवढं होतं आणि आत बुटाच्या नाडीएवढी तार. ती तार त्यांनी नखानं खरवडली. वरचा तांबडा रंग निघाला आणि खालून पांढरं दिसलं.

"तांब्याचा नुसता मुलामा. आत ॲल्युमिनियम. हे तापणार."

"पण पाकिटावर हजार लिहिलंय."

"ॲम्पिअर छापायला शाई लागते, ताई. तांबं नाही लागत."

मग त्यांनी टोकाचा चिमटा उघडून दाखवला. तार चिमट्याच्या एकाच जबड्याला जोडलेली होती. दुसरा नुसता शोभेला. "दोन जबडे आहेत, पण चावतो एकच."

"आमच्या सासूबाईंचे दोन्ही चालायचे," दारातून आवाज आला.

"आई गेली आता."

"म्हणून तर बोलतेय."

मी विचारलं, मग कुठली घेऊ. ते म्हणाले, घेऊ नका, मी करून देतो. शुद्ध तांब्याची, बारीक-बारीक तारांची घ्यायची, म्हणजे थंडीतही वळते. तुमच्या मुलीच्या गाडीला सोळा चौरस मिलिमीटर तारेची चालेल, पण पंचवीसची करू, वाटेत मोठी गाडी भेटली तर तिच्याशीही जोडता येईल. लांबी तीन मीटर. फार लांब केली तर ताकद वाटेतच जाते, आखूड केली तर दोन गाड्या एकमेकींना टेकेपर्यंत जवळ आणाव्या लागतात, आणि त्या टेकता कामा नयेत. चिमट्याच्या मुठीवर पूर्ण रबर हवं, बोट सरकलं तरी लोखंडाला लागणार नाही असं. हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. तीन महिन्यांत त्यांना एवढं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं, असं त्यांची बायको मला नंतर म्हणाली.

जोडायचा क्रम मी कागदावर लिहून घेतला. लाल चिमटा आधी बंद गाडीच्या प्लसला, दुसरा लाल चालू गाडीच्या प्लसला, काळा चालू गाडीच्या मायनसला. "आणि शेवटचा काळा अर्थाला," ते म्हणाले. मी 'अर्थाला' लिहिलं आणि थांबले.

"कसला अर्थ?"

"बॉडीचा. अर्थिंग."

मी मराठी घेऊन बी.ए. झाले आहे. माझा चेहरा बघून त्यांची बायको हसली. "तीस वर्षं संसार केला तेव्हा मला कळलं, ताई. ह्यांच्यात अर्थ लोखंडात असतो."

"बंद गाडीच्या इंजिनाला, रंग नसलेल्या लोखंडाला," ते म्हणाले. "बॅटरीपासून हातभर लांब. शेवटच्या चिमट्याला ठिणगी उडतेच. उडू दे. पण बॅटरीच्या तोंडाशी नाही. बॅटरीतून गॅस निघत असतो."

एवढं बोलून ते केबलच्या गुंडाळीकडे वळले.

मग त्यांनी केबल कापली, टोक सोललं आणि पहिला चिमटा बसवायला घेतला. बायको बाकाशी येऊन केबल धरून उभी राहिली. त्यांनी सोल्डर गन उचलली, नीट नेम धरला आणि टोक दोन बोटं अलीकडे टेकवलं. ते तिच्या तर्जनीवर टेकलं. तिनं हात काढला. ओरडली नाही. नळाखाली बोट धरलं आणि पाणी बघत उभी राहिली. त्यांनी गन स्टँडवर ठेवायला हात नेला. स्टँडही चुकलं, मग दुसऱ्या हातानं चाचपून ठेवली.

"अंतर दिसत नाही," ती मला म्हणाली, जणू ते तिथं नव्हतेच. "आकडा दिसतो, रंग दिसतो, माणूस दिसतो. अंतर तेवढं दिसत नाही. चहा कपाबाहेर ओततात."

डोळ्याचं तिनं तेव्हाच सांगितलं, बोट नळाखाली धरूनच. बॅटरी नुकतीच चार्जरवरून उतरवलेली होती. गिऱ्हाईकाला घाई होती. ह्यांनी वायरीचा तुकडा घेतला आणि बॅटरीच्या दोन्ही टोकांवरून ओढला, ठिणगी बघायला. जुने सगळे असंच बघतात. ठिणगी मोठी, तर बॅटरी चांगली. हे स्वतः तीस वर्षं दुसऱ्यांना ओरडत आले, की असं करू नका रे, मीटर लावा. मीटर त्या दिवशी खिशातच होता.

"मी आधी दुकानाचं कुलूप शोधलं," ती म्हणाली. "मग हॉस्पिटलला न्यायला गाडी. दारात सहा गाड्या होत्या, एकही चालू नाही. सगळ्या आमच्याकडे दुरुस्तीला."

ती हसली नाही, मग मीही हसले नाही. तिनं पदराला हात पुसला, गन उचलली आणि विचारलं, "कुठं धरू?"

त्यांनी चाचपून तार तिच्यापुढं सरकवली. मग म्हणाले, "आधी तार तापव. सोल्डर तारेवर वितळलं पाहिजे, गनवर नाही." तिनं तापवली. पहिला जोड त्यांनी बोटांनी ओढून बघितला, तो निघाला, तिनं पुन्हा केला. दुसऱ्यावर त्यांनी पाय ठेवून केबल वर ओढली, तो निघाला नाही. तिसरा आणि चौथा तिनं न विचारता केला. प्रत्येक चिमट्याच्या दोन्ही जबड्यांना तार जोडायची, हे त्यांनी एकदाच सांगितलं होतं.

केबल लगेच देणार नाहीत, असं ते म्हणाले. लावून बघायची. रविवारी सकाळी मुलगी गाडी घेऊन आली. आदल्या संध्याकाळपासून दिवे चालू ठेवून तिनं बॅटरी पार संपवली होती, आणि गाडी गल्लीतल्या दोघांनी ढकलत आणली. शेजारी मीटरची व्हॅन. दोन्ही बॉनेट उघडी. मीटरनी बायकोला आणि मुलीला कामाचे चष्मे घालायला लावले, मला मागे उभं केलं आणि चिमटे स्वतः उचलले.

"मी लावते ना," बायको म्हणाली.

"मी लावतो."

हे कशासाठी आहे ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. महिनाअखेर मंगळवारी होती.

लाल चिमटा बॅटरीच्या अलीकडे हवेत मिटला. दुसऱ्यांदा त्यांनी डावा हात पुढं करून टोक चाचपलं आणि मग उजव्यानं लावला. दुसरा लालही तसाच लागला, आणि व्हॅनचा काळाही. कपाळावर घाम होता, पण लागले. मुलगी व्हॅनमध्ये बसून इंजिन चालू करून परत आली. शेवटचा काळा चिमटा त्यांच्या हातात राहिला. इंजिनावरचा एक बोल्ट त्यांनी आधीच घासून ठेवला होता. त्या बोल्टवर नजर ठेवून त्यांनी हात आत नेला.

हात बोल्टकडे जात नव्हता. अलीकडे उतरत होता, सरळ बॅटरीवर, आणि त्यांना वाटत होतं की हात बोल्टवरच आला आहे. मला ते दिसत होतं. माझी मुलगी वाकून बघत होती. तिचं तोंड बॅटरीपासून दोन वितींवर होतं.

"थांबा," त्यांची बायको म्हणाली.

ती ओरडली नाही. भाजीत मीठ पडलंय, आता टाकू नका, अशा आवाजात म्हणाली. त्यांचा हात जिथं होता तिथं थांबला. तिनं माझ्या मुलीला खांद्याला धरून मागे केलं, मग त्यांच्या मुठीवर हात ठेवून चिमटा वर उचलला. तो त्यांनी लगेच सोडला नाही. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. व्हॅनचं इंजिन चालू होतं.

"अगं, तो बोल्ट," ते शेवटी म्हणाले. "उजवीकडचा. घासलेला."

"दिसतोय."

त्यांनी चिमटा सोडला आणि दोन पावलं मागे सरकले. तिनं तो बोल्टला लावला. बारीकशी ठिणगी उडाली. तिनं मान वळवली नाही, त्यांनी वळवली.

"पाच मिनिटं जाऊ द्या," ते म्हणाले. "मग सेल्फ मार, बाळ."

गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. मुलीनं केबलला हात लावून बघितला, ती गार होती. काढताना क्रम उलटा असतो. बायकोनं तो मोठ्यानं म्हणत काढला, आधी अर्थाचा काळा, मग व्हॅनचा काळा, मग लाल. त्यांना कुठं टोकावं लागलं नाही.

केबल गाडीच्या डिकीत ठेवून मुलगी सोमवारी नेहमीसारखी तलावावर गेली. मी खिडकीतून बघितलं आणि आत येऊन कपडे वाळत घातले. भीती परत आली नाही. ती कुठं गेली तेही मला कळलेलं नाही.

मंगळवारी दुकानावरून गेले तेव्हा शटर उघडं होतं. त्यांच्या भावाला त्यांनी फोन केला होता की नाही, मी विचारलं नाही. बाकामागे त्यांची बायको होती, चष्मा लावून. मीटर बाहेर बसले होते, गिऱ्हाईकं बसतात तिथं. एक टेम्पोवाला आला आणि सवयीनं त्यांच्यापाशीच उभा राहिला.

"मीटर, जरा बघता का? सकाळपासून नुसती टिकटिक करतेय."

"तिला विचारा," ते म्हणाले.

टेम्पोवाल्यानं दुकानात बघितलं, परत त्यांच्याकडे बघितलं. ते रस्त्याकडे बघत होते.

"बॉनेट उघडा," ती आतून म्हणाली. "आणि किल्ली काढून द्या इकडे."