साईंची माफी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी, मधेच हसलात तर माझ्याच्यानं पुढचं सांगवणार नाही! चुका काय, सगळेच करतात. पण माफी मागताना मी जो घोटाळा करून ठेवला, तसा करणारा दुसरा माणूस मला अजून भेटायचाय.

फाळणीला पाच-सहा वर्षं झाली होती. मी अंबरनाथला एका कारखान्यात कारकून आणि तिथल्या फुटबॉल संघाचा सेंटर फॉरवर्ड. शिवमंदिराच्या पलीकडे, वालधुनी नदीच्या काठाला आमचं मैदान. मैदान कसलं? म्हशी उठल्या की मैदान, बसल्या की गोठा! आम्ही अनवाणी खेळायचो आणि दर वर्षी न चुकता बदलापूरच्या संघाकडून मार खायचो.

एका रविवारी पन्नाशीचा एक सिंधी माणूस डोक्यावर पापडांची टोपली घेऊन चालला होता. आमचा खेळ बघून थांबला. टोपली खाली ठेवली आणि ओरडला, "अडे बाबा, बॉल को मारता है कि साप को?"

हे परमानंद. कराचीला एका शाळेत ड्रिल मास्तर होते, पोरांना फुटबॉल शिकवायचे. आता उल्हासनगरच्या निर्वासित कॅम्पात, लष्कराच्या जुन्या बराकीत, गोणपाटाच्या पडद्याआड संसार. आठवडाभर दारोदार पापड आणि त्या दिवसापासून दर रविवारी आम्ही. सिंधी लोक मानानं कुणालाही साईं म्हणतात, तसं सगळे त्यांना साईं म्हणायचे.

माणूस काय शिकवायचा हो! आम्हाला पास देणं म्हणजे मालमत्ता दान करण्यासारखं वाटायचं. साईंनी दोन महिन्यांत ती खोड मोडली. "बॉल को प्यार से भेजो, दुश्मनी से नको!"

त्यांचं एकच विचित्र होतं. फ्री किक मारायच्या आधी बोट ओलं करून वर धरायचे आणि म्हणायचे, "पहले हवा देखो." आमच्या त्या खळग्यात दुपारी पान हलत नसे. आम्ही पाठीमागं खूप हसायचो.

आता ऐका. आपल्या देशाचा संघ बाहेर हरून आला की जेवणाच्या सुट्टीत एकच वाद पेटायचा: विलायतेहून कोच आणावा की नाही? त्या वर्षी कारखान्याच्या कॉलनीतल्या गणपतीत याच विषयावर वादविवाद ठेवला. मी विरोधी बाजूला. वक्तृत्वाचा किडा लहानपणापासून, त्यात समोर माईक! मग काय विचारता?

"ज्याला आपली भाषा येत नाही, आपलं पाणी ज्याला ठाऊक नाही, तो परदेशी माणूस आपल्या मुलांना काय डोंबल शिकवणार? घाला त्याला गाडीत आणि पाठवा त्याच्या देशात परत!"

मंडपात टाळ्यांचा कडकडाट. मी छाती फुगवून समोर बघतो तर तिसऱ्या रांगेत सतरंजीवर साईं! हात डोक्याच्या वर नेऊन सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवतायत.

हा माणूस टाळ्या वाजवतोय की माझीच वाजवतोय?

पुढच्या रविवारी साईं आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

आमचा गोलकीपर घरत. राहायचा बदलापूरला बेलवलीत आणि गोल अडवायचा अंबरनाथसाठी. तो माझ्या अंगावरच आला. "भास्करा, तूच घालवलास त्याला! भर मांडवात परदेशी बोललास? त्याचा घरदार गेला, त्याला परत जा बोलतंस?"

"अरे, मी गोऱ्या साहेबाबद्दल बोलत होतो!"

"माना नको सांगू. दसऱ्यानंतर मॅच हाय. जा, पाय धर आन् घेऊन ये."

निघालो पायी कॅम्पाकडे. वाटभर माफीचं भाषण पाठ करत होतो. बराकीच बराकी, सगळ्या सारख्या. एकाला विचारलं, "परमानंदजी किधर?" त्यानं बोट दाखवलं. आत अंधार, एक माणूस पाठमोरा बसलेला. मी तडक त्याच्या पायाशी. "साईं, माझी जीभ झडो! तुम्ही परके नाही, तुम्ही आमच्या वडिलांसारखे!" डोळ्यांत पाणी, गळ्यात हुंदका, सगळं झालं.

तो माणूस वळला. भलताच परमानंद! कापडवाला!

त्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "माफ किया, साईं. अब बोलो, कपडा कितना काटूँ?"

बाहेर पडलो तेव्हा माझ्या काखेत लेंग्याचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड होतं. नाही कसं म्हणणार? माणसानं माफ केलं होतं!

शेवटी खरे साईं सापडले. खाटेवर आडवे, घोट्याला हळदीचा लेप. मला बघून उठायलाच लागले. आम्हा सगळ्यांना ते पुट म्हणजे बेटा म्हणायचे. "अडे भास्कर! आ पुट, आ! देख, गीली सीढी से गिर गया. पंधरा दिन से पडा हूँ. टीम कैसी है? कोई पास देता है कि सब भूल गए?"

त्यांच्या बायकोनं पाणी आणि भाजलेला पापड पुढं केला. माझ्या काखेतलं कापड भेट समजून घेतलंही.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? पापड खाल्ला असता, तब्येत विचारली असती आणि उठला असता. बरोबर? पण माझं भाषण पाठ होतं ना! मी हात जोडले. "साईं, त्या दिवशी गणपतीत मी जे बोललो, ते तुमच्याबद्दल नव्हतं. माफ करा."

"क्या बोला था तू?"

"म्हणजे... तुम्ही टाळ्या वाजवत होता ना?"

"अडे, तेरी वो भारी मराठी! एक लफ्ज समझा नहीं. तू हाथ हिला के बोल रहा था, लोग ताली बजा रहे थे. मैं बोला, मेरा सेंटर फॉरवर्ड है, सब से जोर से मैं बजाऊँगा."

मेलो! त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर मी पापडासकट आत गेलो असतो. आता सांगणं भाग होतं. अडखळत सगळं सांगितलं. परदेशी कोच, पाणी, गाडीत घाला, परत पाठवा.

साईंनी नजर पडद्याकडे वळवली. मग हळूच म्हणाले, "कराची भी तो अब परदेस है ना?"

मी हातातला पापड खाली ठेवला.

"स्कूल का मैदान समुंदर के पास था," ते सांगायला लागले. "चार बजे हवा आती थी. ऐसी हवा, कि इस खंबे पे मारो तो बॉल उस खंबे पे जाए. बच्चों को पहला सबक वही, हवा देखो. तुम लोग हँसते हो, मालूम है मुझे. इधर हवा नहीं है, वो भी मालूम है. पर उँगली अपने आप ऊपर जाती है, पुट. लगता है, शायद आज आ जाए."

बाई आत वळल्या. मी मान खाली घातली.

"वापस भेजो बोला ना तू? तो भेज दे. शाम की गाडी से भेज दे. मैं तो आज जाऊँ." थोडं थांबले, डोळे पुसले, आणि घोट्याकडे बघून म्हणाले, "नहीं, आज नहीं. बदलापूर की मॅच के बाद."

मॅचच्या दिवशी घरतच्या सायकलच्या कॅरियरवर बसून आले. अकरा नावं वाचली, त्यात माझं नाही! मी म्हटलं, "साईं, मी?"

"तू दो गोल मार चुका है," ते म्हणाले. "एक मंडप में, एक मेरे घर में. दोनों अपनी ही टीम पे. तू मेरे बाजू में बैठ."

बसलो. आणि त्या वर्षी पहिल्यांदा बदलापूरला हरवलं! साईं नाचले, लंगडत नाचले. मी त्यांना धरून उभा होतो. अजून त्या बोटांची पकड दंडावर जाणवते.

दोनेक वर्षांनी मुलाला अजमेरला दुकान मिळालं आणि साईं गेले. स्टेशनवर आम्ही अकराच्या अकरा. गाडी हलल्यावर कुणी कुणाकडे बघेना. किती रविवार मी उगीचच कॅम्पाकडून येणाऱ्या वाटेकडे बघत बसायचो, सांगू? कुठं टोपली दिसली की उठून उभा राहायचो.

शेवटी संघाची बैठक झाली. कुणीतरी म्हणालं, आता कोच आपल्याच मातीतला हवा. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. एवढा बोलला होता ना मंडपात? मग हाच! मीही मान डोलावली.

त्या मोसमात आम्ही एकूण एक सामने हरलो. शेवटच्या सामन्यानंतर घरत चिखलानं माखलेला, गोलपोस्टला टेकून बसला होता. मला म्हणाला, "भास्करा, मातीतला कोच मिलाला खरा. पन त्यानं सगली टीम मातीत घातली!"