जाळीला टेकून दाखवा

आमच्या शेजारच्या भाऊजींना गल्ली ‘भोंगा’ म्हणते. नाव मी ठेवलं आणि ते शोभतंही. भाऊजी बाल्कनीला लावायच्या नायलॉनच्या जाळ्या विकतात. बसवतात वहिनी. कमरेला ड्रिल, दातांत हुक, आणि बाई चढली कठड्यावर! भाऊजी तळमजल्यावरच्या हॉलमध्ये उभे राहून लोकांना पटवतात. “बोलणाऱ्यानं हात मळवायचे नसतात,” असं ते वहिनींना सांगत आले, आणि वहिनी त्यांना आळशी म्हणत आल्या.

मला मात्र वेगळाच वास येत होता. हा माणूस गच्चीवरचे कपडे आणायला कधी जात नाही. बल्ब बदलायचा तर मला बोलावतो. स्टुलावर चढायचं मी, आणि स्टूल धरून लटपटायचं यांनी.

त्या दिवशी समोरच्या नव्या उंच इमारतीच्या कमिटीपुढे बोलायचं होतं. सगळ्या बाल्कन्यांचं काम एकदम मिळणार होतं. नाही मिळालं तर दुकान बंद करायचं आणि वहिनींनी दुसऱ्या कंपनीत नोकरी धरायची, असं घरात ठरलं होतं. मला नेलं ते प्रेक्षकांत बसून ठरलेला प्रश्न विचारायला.

“ताई, मी वाळूची पिशवी उचलली की म्हणायचं, फाटणार नाही कशावरून? आणि हसायचं नाही.”

“हसले तर?”

“पुढच्या वेळी तुमच्या यजमानांना नेईन.”

“ते झोपतील हो.”

“तेवढंच बरं. तोंड तरी बंद राहील.”

हॉलमध्ये भोंगा काय लागला म्हणता! “जाळी म्हणजे दोरा नव्हे, भिंत आहे भिंत! दिसत नाही, एवढंच!” टेबलावर चौकट होती, तिला जाळी ताणलेली. मी न हसता प्रश्न विचारला. भाऊजींनी पिशवी धाडकन आपटली. जाळी जरा दबली आणि परत वर आली. माना डोलल्या. आता सही होणार, एवढ्यात कमिटीच्या अध्यक्षांनी पेनचं टोपण लावलं.

“टेबलावर काहीही टिकतं हो. अकराव्या मजल्यावर तुमच्या मंडळींनी नमुना बसवलाय ना? चला. तुम्ही स्वतः कठड्यावर बसा आणि जाळीला पाठ टेकून दाखवा. मग बघू.”

भोंग्याचा आवाज बसला तो बसलाच. लिफ्टमध्ये त्यांनी माझ्या पर्सचा पट्टा घट्ट धरला.

“ताई, चक्कर येऊन पडा.”

“मी? एवढ्या लोकांत?”

“तुम्हाला जमेल. पडा ना.”

मी टोमणा मारणारच होते, पण त्यांच्याकडे पाहिलं आणि थांबले. ओठ पांढरेफटक, कपाळावर घामाचे थेंब. मजल्याचा आकडा बदलला की प्रत्येक वेळी ते डोळे मिटत होते.

वर एका फ्लॅटमध्ये वहिनी शेवटचा हुक आवळत होत्या. बाल्कनीत वारा असा भणाणत होता की जाळी गुणगुणत होती. भाऊजी खोलीतल्या सर्वांत लांबच्या भिंतीला पाठ चिकटवून उभे राहिले. “जाळी म्हणजे... जाळी ही...” पुढे गाडी जाईना.

“अहो, बसा की,” वहिनी म्हणाल्या. “माझ्या हातच्या गाठी आहेत.”

भाऊजी हलले नाहीत.

“भरवसा नाही का माझ्यावर?”

“आहे गं.”

“मग?”

वहिनींचा चेहरा उतरला. “मालकच टेकत नसेल तर...” म्हणत अध्यक्ष दाराकडे वळले. तेव्हा वहिनींनी ड्रिल खाली ठेवलं, उडी मारून कठड्यावर बसल्या आणि सरळ मागे रेलल्या. जाळी बाहेर फुगली. त्यांचं डोकं कठड्यापलीकडे, आणि त्यामागे नुसतं आभाळ. मी सोफ्याची पाठ धरली.

“नको!”

तो भोंग्याचा आवाज नव्हताच. भाऊजी मटकन खाली बसले आणि डोळे मिटून, चार पायांवर, लाद्या चाचपत बाल्कनीत गेले. हाताला वहिनींचा घोटा लागला, तो दोन्ही हातांनी आवळून धरला.

“आत ये. दुकानात तू बांधलेली गाठ न् गाठ मी ओढून बघतो, एकही कधी सुटली नाही. पण उंचावर आलो की जमीन निसटते माझ्या पायाखालून. लहानपणापासून. जाळी असली तरी. आत ये ना.”

जाळी करकरली.

दारात एक बाई कडेवर बाळ घेऊन उभी होती. कमिटीतलीच, पण उंबऱ्याच्या आत काही आली नव्हती. ती म्हणाली, “मलाही असंच होतं. आमच्या बाल्कनीचं दार मी उघडतच नाही. आता हा रांगायला लागलाय. मला यांच्याचकडून जाळी हवीय.”

अध्यक्षांनी जाळीवर तळहात दाबून पाहिला, खाली डोकावले आणि चटकन आत आले. “ठीक आहे,” ते म्हणाले, “काम द्या यांना. पण आधी यांना उठवा.”

वहिनी उतरून नवऱ्याशेजारी लादीवर बसल्या.

“म्हणजे इतकी वर्षं गच्चीवरचे कपडे...”

“हो.”

“आणि माळ्यावरची बॅग?”

“ताईंनी काढली.”

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

भाऊजी परत लिफ्टमध्ये पाऊल ठेवेनात. अकरा मजले आम्ही जिन्यानं उतरलो: भिंतीच्या बाजूनं ते, कठड्याच्या बाजूनं वहिनी, आणि मागे मी. जिभेवर काय काय येत होतं, पण खालपर्यंत गप्प राहिले.