दुसऱ्यांच्या गाठी

लग्नाला बरीच वर्षं होऊनही आमच्या घरी लेकरू नव्हतं, आणि त्या साली तर त्याचं दुःख करायलाही सवड राहिली नव्हती. स्वराज्य येऊन काही वर्षं लोटली होती. महिन्यातले निम्मे दिवस माझ्या पत्नीच्या अंगावरून रक्त जात असे. धानाच्या रोवणीत सगळ्या बायांच्या पुढे असणारी ती, उंबरठा ओलांडताना भिंत धरू लागली. मी देवीवर रोज रुसायचो आणि रोज तिच्यापुढे दिवाही लावायचो. माझा स्वभावच तसा. घरात दूध नासलं तरी मला वाटे, माझंच काही चुकलं असेल.

शेवटी सौंदडहून गाडी धरून आम्ही गोंदियाला गेलो. तिथल्या एका दवाखान्यात पुण्याकडच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी पत्नीला तपासलं, बाहेर येऊन हात पुसले आणि मला म्हणाल्या, "पिशवीत गाठ आहे. मोठी आहे. काढायला हवी."

आमच्याकडे बाईच्या त्या पिशवीला 'बच्चेदानी' म्हणतात. पिशवी म्हणजे आम्हाला फक्त पिशवी. माझ्या हातात ती होती, आणि तिच्यात फडक्यात गाठ मारून बांधलेले मुरमुरेही होते. मी ओशाळून म्हणालो, "ते मीच मारली जी, मुरमुरे सांडू नये म्हणून," आणि गाठ हाताने सुटेना तेव्हा दात लावले. बाई काही वेळ माझ्या दातांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, तुमच्या पत्नीच्या गर्भाशयात!"

त्यांनी नीट समजावून सांगितलं. पोट उघडून गाठ काढावी लागेल. गर्भाशय राखायचा प्रयत्न करू, राहिलं तर मुलाची आशा आहे. पण उशीर केला तर अंगातलं रक्तच संपेल. आतून पत्नी म्हणाली, "काढून टाका, बाई. मले भेव नाही." भेव मला होतं. मी म्हणालो, विचार करून सांगतो.

घरी आत्या होती. गाठ हा शब्द कानावर पडताच तिने कपाळावर हात मारला. "अन् तू देवरीकडच्या देवीच्या झाडाले चिंधी बांधून आला होतास, ते? तू बांधली तिकडं, अन् बसली हिच्या पोटात!"

त्या झाडाला लोक नवसाची चिंधी बांधतात आणि इच्छा पुरी झाली की सोडतात. लेकरासाठी मीही बांधली होती, आणि इतरांपेक्षा घट्ट बसावी म्हणून खोडाला पाय टेकवून ओढली होती. देवीच्या झाडाला पाय! पत्नी मात्र म्हणाली, "गाठीनंच माणूस मरत असंन, तर लुगड्याच्या गाठीनं मी कवाचीच मेली असती." मी तिचं ऐकलं नाही. गाठ सोडायला एकटाच देवरीच्या मोटारीत बसलो आणि पुढे जंगलातून चालत गेलो.

झाडापाशी पोहोचलो आणि माझी चिंधी ओळखूच येईना. माझी चिंधी लाल होती. उन्हापावसाने आता सगळ्याच मातकट झाल्या होत्या. एखादी तरी माझी निघेल, म्हणून मी दिसेल ती सोडत सुटलो.

"काऊन गा! दुसऱ्याच्या गाठी कायले सोडून राहिलास?" मागे एक म्हातारी उभी होती, हातात नारळ. "आता सोडलीस ते माझी होती! माझ्या हरवल्या म्हशीची!"

मी तिच्या पाया पडलो आणि रडत रडत सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता बांध समद्या."

"कोणी काय मागितलं होतं, मले काय ठाऊक?"

"तुले कायले पाहिजे? जिले मागितलं तिले ठाऊक हाये. तू बांध मुकाट्यानं."

मी बांधू लागलो. आधी भीतीने, घाईघाईने. मग प्रत्येक चिंधीला म्हणू लागलो, आई, हा जो कोणी असेल त्याचा ताप उतरू दे, हिची लेक सासरी नांदू दे, म्हातारीची म्हैस घरी येऊ दे. आयुष्यात पहिल्यांदाच मी देवीपुढे इतका वेळ होतो आणि स्वतःसाठी काही मागत नव्हतो. छातीवरचं ओझं कधी उतरलं, कळलंही नाही.

जाता जाता म्हातारी म्हणाली, "माझ्या बी पोटातून गाठ काढली होती डॉक्टरीणनं. ह्या नारळाएवढी. लेकरू नाही झालं. पण तुले ओरडाले जित्ती हाये ना मी? तुले लेकरू पाहिजे का बायको, ते आधी ठरव."

आत्या म्हणते ती देवीच होती. मला तसं वाटत नाही, देवीची म्हैस हरवायची नाही. पण तिला तिथे कोणी आणलं, हे मला ठाऊक आहे.

परतल्याबरोबर पत्नीला दवाखान्यात नेलं. ती आत असताना बाहेरच्या बाकावर मी एकच मागणं धरून बसलो होतो. बऱ्याच वेळाने बाई आल्या, थकलेल्या, हसऱ्या. गाठ निघाली होती, गर्भाशयही राहिलं होतं.

शुद्धीवर आल्यावर पत्नीने विचारलं, "काय मागितलं जी देवीले?"

"तुले मागितलं."

"अन् लेकरू?"

"ते इसरलो."

"एक काम धड जमत नाही तुमाले!" ती हसायला लागली, टाके दुखले म्हणून कळवळली, आणि पुन्हा हसली.

लेकरू पुढे झालं का, असं ऐकणारे विचारतात. झालं, मुलगी. तिच्यासाठी देवीचे उपकार मानतोच. पण मला कृपा भेटली ती त्याआधी, लेकराचं मागणं विसरून बसलो होतो त्या बाकावर.