शिवलीलाच्या कॅफेतले पडदे

गडहिंग्लजची शिवलीला लग्न होऊन कोल्हापुरात आली आणि २००३ साली तिनं शाहूपुरीत सायबर कॅफे काढला. सहा कॉम्प्युटर, प्रत्येकाला पडदा. शाळा सुटली की पोरांची झुंबड उडायची. सगळी तिला आक्का म्हणत.

एके दिवशी दुधाची डेअरी चालवणारे बाळासो दहा वर्षांच्या मोनाला घेऊन आले. "वैनी, तुमच्या इंटरनेटनं पोरीची मान धरलीया. आजपास्नं बंद."

शिवलीलाच्या मनाला ते लागलं. तिनं मोनालाच विचारलं, "तुला काय वाटतंय गं?"

मोना बापाकडं बघत म्हणाली, "मी बसतो तवा टेबल हनुवटीला लागतंय. वर बघून बघून मान आखडती. पाय लोंबकळत्यात, मुंग्या येत्यात. खुर्ची मोठ्या माणसांची हाय की."

बाळासोंनी वाकून खुर्ची बघितली. इतक्या दिवसांत हे आपल्या डोळ्यांना कसं दिसलं नाही, याची शिवलीलाला लाज वाटली. मग ती येईल त्या पोराला विचारू लागली. बहुतेकांनी गेमचीच गाऱ्हाणी सांगितली. अकरा वर्षांचा रुद्रेश मात्र सगळे जाईपर्यंत थांबला.

"चॅटवर एकजण रोज विचारतोय, कुठं राहतोस, घरी कोण असतंय. मला भ्या वाटतंय."

"मग सांगितलं न्हाईस ते?"

"पडद्याआड कुणाला सांगू?"

शिवलीलानं त्याच्या शेजारी बसून त्या माणसाला ब्लॉक केलं. त्याच्या आईला बोलावून सगळं नीट सांगितलं, पोराला रागवू नका म्हणून बजावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाही पडदे उतरवले. कॉलेजची पोरं कुरकुरली, दोघं-तिघं यायचीच बंद झाली. तिनं मनावर घेतलं नाही. आकाराम सुतारानं दोन टेबलांचे पाय कापून दिले, बसायला बुटके बाक ठोकले. मोनाची मान पंधरा दिवसांत मोकळी झाली. बाळासोंनी आपण होऊन तिला परत पाठवलं.

ही गोष्ट शाळेपर्यंत गेली. हेडमास्तरांनी पालकसभेत 'इंटरनेटचे दुष्परिणाम' यावर बोलायला शिवलीलाला बोलावलं. ती मोना आणि रुद्रेशला घेऊन गेली. नाव पुकारल्यावर दोघांना माईकपाशी उभं केलं, माईक त्यांच्या तोंडापर्यंत खाली ओढला आणि स्वतः पालकांत जाऊन बसली.

"बोला रं," ती म्हणाली, "आम्ही ऐकतोय."