आधी स्टेशन सांग

मुलुंडला आम्ही नवीन बिऱ्हाड केलं तेव्हा माझी तिथे कुणाशीच ओळख नव्हती. नोकरी होती, पण हिशेबाच्या खात्यात मी एकटीच बाई. बाकीची मंडळी जेवण झालं की टेबलावर डोकं ठेवून सरळ झोपायची. मग मी डबा खाता खाता कॉम्प्युटरवर एक मराठी वेबसाइट उघडायला लागले. तिथे कविता होत्या, पाककृती होत्या, राजकारणावरून हाणामाऱ्या होत्या. मला मात्र आवडायचं ते एका कोपऱ्यातलं गप्पांचं पान. कुणीही यावं, काहीही लिहावं, कुणीतरी उत्तर द्यायचंच.

सगळे तिथे काहीतरी चमत्कारिक टोपणनावं घेऊन लिहायचे. रोज दुपारी हमखास असायचो ते आम्ही चौघं. आणि आम्हा चौघांनी एकमेकांना त्या टोपणनावांनीसुद्धा कधी हाक मारली नाही. त्याला कारण घडलं.

नव्यानेच आलेली एक मुलगी ठेच्याबद्दल लिहीत होती. मिरच्या तव्यावर कशा भाजायच्या, वर दाण्याचं कूट किती. छान लिहीत होती. मध्येच एका गृहस्थांनी विचारलं, "आडनाव काय आपलं? मूळ गाव कुठलं?" वाक्य अगदी सभ्य होतं. पण हा प्रश्न कशासाठी विचारतात ते आपल्याकडे लहान पोरालाही कळतं. तिचा ठेचा तिथेच थांबला.

तेवढ्यात आमच्यातला एक मालवणी, जो एरवी फक्त माशांबद्दल लिहायचा, तो म्हणाला, "आडनाव ऱ्हवांदे बाजूक. आधी स्टेशन सांग. माझं दहिसर."

तिने लिहिलं, "मानखुर्द."

मी लिहिलं, "मुलुंड." एक पोरगा नेहमी शुद्धलेखनाच्या चुका काढत बसायचा, त्याने लिहिलं, "अंधेरी, पूर्व. पश्चिमवाल्यांनी माज करू नये."

ते गृहस्थ निघून गेले. आणि आम्ही कायमचे दहिसर, मानखुर्द, मुलुंड आणि अंधेरी झालो.

त्यानंतर जी काही बडबड चालायची! मुंबई नेमकी कुठे संपते यावरच दहिसर आणि मानखुर्द यांचं रोजचं भांडण. ती म्हणायची, "तू मुंबईत राहतच नाहीस रे, तू जकातनाक्यावर राहतोस. एक पाऊल मागे टाकलंस की बाहेर." तो म्हणायचा, "आणि तू? खाडीत पाय सोडून बसलीयस. भरती आली की फोन कर." तिच्या शेजारच्या देवनारच्या डेपोतला कचरा जळायला लागला की ती स्वतःच जाहीर करायची, "आज आमच्याकडे अत्तर सुटलंय, खिडक्या लावा." त्यावर दहिसरवाला कधी विनोद करायचा नाही. एवढंच विचारायचा, "पोरांचा खोकला कसा आहे?" ती महापालिकेच्या शाळेत शिकवायची. पोरं म्हणजे तिच्या वर्गातली पोरं.

दहिसरवाल्याचं टायपिंग म्हणजे एक वेगळीच करमणूक होती. काने नाहीत, मात्रा नाहीत, असतील तर भलत्याच जागी. एकदा त्याने लिहिलं, "आज दुपारी दोन भांगडे खाल्ले." मानखुर्द लगेच, "नाचून दमले की मग तळतात काय रे?" अंधेरीने शुद्धलेखनाचे नियम डकवले. मी ऑफिसात एवढी हसले की शेजारचे साहेब झोपेतून उठले. दहिसरवाल्याने शांतपणे लिहिलं, "हसा मेल्यांनो. बागडा लिहायचा होता." आता अनुस्वारही गेला होता.

त्याच्याबद्दल आमच्या मनात एक चित्र तयार झालं होतं. तिशी-पस्तिशीचा असावा. बायकोला घाबरतो, नोकरीत लक्ष नाही, दिवसभर कॉम्प्युटरसमोर. आम्ही सगळे त्याला अरे-तुरे करायचो, मी तर "दहिसऱ्या" म्हणायचे. तोही मागे नव्हता. माझा रव्याचा लाडू फसला तेव्हा त्याने विचारलं होतं, "खिडकीतून टाकलास तर खाली कुणाला लागेल का गं?"

आणि मग एक दिवस तो आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला. मानखुर्दने मुद्दाम लिहिलं, "मासे खाणाऱ्यांना अक्कल नसते." एरवी तो ह्यावर तुटून पडला असता. उत्तर आलं नाही. त्यानंतर आम्हाला विनोद सुचेनासे झाले.

"आपण जाऊन बघूया," मानखुर्दनेच लिहिलं.

"कुठे? पत्ता काय?" अंधेरीने विचारलं.

पत्ता कुणाकडेच नव्हता. पण एवढ्या दिवसांच्या बडबडीत त्याने काय काय सांगितलं होतं, ते आम्ही आठवायला बसलो. नदीच्या पुलाजवळची चाळ. खाली पिठाची गिरणी, तिच्या घरघरीमुळे टीव्ही ऐकू येत नाही. जिन्याजवळ तुळशीचं पिंप, कारण कुंडी फुटली होती. तेवढ्यावर निघालो.

रविवारी सकाळी दहिसरला पुलापाशी आम्ही तिघं पहिल्यांदा एकमेकांना पाहिलं. मानखुर्द माझ्यापेक्षा उंच निघाली, आणि लिहिताना जेवढी भांडखोर तेवढीच बोलताना हळू. अंधेरी म्हणजे नुकत्याच मिशा फुटलेला कॉलेजातला पोरगा. आम्हाला बघून लाजलाच. "शुद्धलेखन शिकवायला हाच का?" मानखुर्द म्हणाली, आणि आमचं जमलं.

गिरणी सापडली. गिरणीवाल्याला विचारलं, "इथे एक मालवणी राहतात का? खूप बोलणारे, कॉम्प्युटरवर असतात."

"बोलणारा मालवणी?" तो पीठ झटकत म्हणाला, "अहो, ही अख्खी चाळ तीच आहे." मग जरा विचार करून म्हणाला, "कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर एकाच घरात आहे. पिंपाच्या बाजूला."

दार एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. अंगात गंजी, पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, डोळ्यांवर मोठा काळा चष्मा.

"काका, तुमचा मुलगा आहे का घरी?" मी विचारलं.

"मुलगा बंगलोरला. काय काम होतं?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मानखुर्द चाचरत म्हणाली, "म्हणजे ते... वेबसाइटवर लिहितात, ते..."

म्हातारबाबांनी मान पुढे काढली. "मानखुर्द?" ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "आणि ही लाडूवाली मुलुंड! अगो, इलात काय तुम्ही! येवा, येवा आत."

आम्ही आत जाऊन खाटेवर ओळीने बसलो. त्यांच्या मिसेसनी चहा ठेवला. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, म्हणून ऑपरेशन झालं होतं, आणि डॉक्टरांनी कॉम्प्युटर बंद केला होता, एवढीच गोष्ट. मुलगा बंगलोरला जाताना मशीन इथेच ठेवून गेला होता. त्यावर त्यांनी एका बोटाने टायपिंग शिकून घेतलं होतं. काने-मात्रा का हरवायच्या ते आता कळलं.

जिवात जीव आला. "तब्येत सांभाळा काका," मी म्हटलं. "तुम्ही चष्मा काढू नका हं," मानखुर्द म्हणाली. अंधेरीने तर आल्या आल्या वाकून पायच धरले होते. ते मान डोलवत होते, आणि त्यांचा चेहरा हळूहळू पडत चालला होता.

शेवटी ते म्हणाले, "ह्यां 'तुम्ही-तुम्ही' खयसून काढलात?"

मग त्यांनी स्टूल जवळ ओढलं.

"मिलमध्ये होतो मी. साचे, म्हणजे माग, चालवायचो. आमच्या खात्यातले सगळे एकमेकांना शिव्या घालून हाक मारायचे. मिल बंद झाली, एकेक जण गावाला गेला, एकेक वर गेला. आई गेली, थोरला भाऊ गेला. मला तू म्हणणारं कोण उरलंच नाही. बायको 'अहो' म्हणते, शेजारी काका म्हणतात, बँकेतली पोरगी सर म्हणते. दुपारी तुमच्याकडे यायचो ते तेवढ्यासाठीच. आणि आता तुम्हीही काका म्हणता?"

साठी उलटून गेलेल्या माणसाला तोंडावर तू म्हणायचं, हे मला जमण्यातलं नव्हतं. माझ्या वडिलांना मी अहो-जाहो करत वाढले. अंधेरी जमिनीकडे बघत होता.

मानखुर्दने कप खाली ठेवला. "मग," ती म्हणाली, "ऑपरेशननंतर मासे खाल्लेत का?"

"'खाल्लेत' नाय. परत विचार."

तिने सरळ त्यांच्याकडे बघितलं. "खाल्लेस का रे मासे?"

आतून मिसेसच्या हातातलं झाकण पडलं. "अगो बाय माझे!" त्या म्हणाल्या. आणि दहिसरवाला एवढा हसला, की चष्म्याखाली रुमाल घालून डोळे पुसायला लागला आणि आम्ही तिघंही एकदम ओरडलो, "डोळ्यांना हात लावू नकोस!" असं ते सुटलं. मला "रे" म्हणायला त्या दिवशी जेवण होईपर्यंत वेळ लागला, पण म्हटलं. निघताना त्याच्या बायकोने मला बाजूला घेऊन सांगितलं, "आज ह्यांचा आवाज मिलमध्ये असतानासारखा लागला."

पुढे कितीतरी वर्षं आमची दुपार तशीच चालू राहिली. मग लोक हळूहळू मोबाइलवर गेले, वेबसाइट ओस पडली, आणि एके दिवशी ते पान उघडलंच नाही. चालवणाऱ्यांना परवडेनासं झालं असणार. आमची सगळी बडबड त्यात गेली. कुणीच काही जपून ठेवलं नव्हतं. जपण्यासारखं काही लिहितोय असं तेव्हा वाटलंच नव्हतं. आज इतका मोठा फोन हातात असतो, पण दुपारी डबा उघडला की अजून डावा हात माऊस शोधतो. मी डावखुरी.

आता आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, चौघांचाच. मानखुर्द मुख्याध्यापिका झाली आहे. अंधेरीचं लग्न झालं, तो आता स्वतःच चुकीचं मराठी लिहितो. दहिसरची चाळ पाडली, तिथे टॉवर आला. त्यात घर मिळालं, पण दहिसरवाल्याला तेवढ्या उंचीवर करमेना. नवरा-बायको कायमचे गावाला गेले, मालवणच्या जवळ. तिथे घरात रेंज नाही. फणसाच्या झाडापलीकडच्या गडग्यावर, म्हणजे दगडांच्या बांधावर, बसलं तरच फोन लागतो. आणि आता वयामुळे तो तिथे रोज जाऊ शकत नाही.

त्यामुळे त्याची उत्तरं साठून येतात. आम्ही कधीच विसरलेल्या गोष्टींना तो एकेक करून, क्रमाने उत्तर देतो. गेल्या महिन्यात अंधेरीने नळाला पाणी नाही म्हणून कटकट केली होती. पाणी दुसऱ्याच दिवशी आलं. परवा आम्ही तिघं मानखुर्दच्या घरी जेवायला बसलो असताना सगळ्यांचे फोन एकदम वाजायला लागले. हातातली भाकरी तशीच ठेवून ती मोठ्याने वाचायला लागली. सगळ्यात वर अंधेरीला उत्तर होतं:

"आमच्या विहिरीला आहे. बादली घेऊन ये."